तुळशीचे पीक व मनःशांतीचा बाजार

कल्याण किंवा डोंबिवली स्थानकाबाहेर पडून औषधांच्या एखाद्या दुकानात डोकावले, तर तुळशीच्या सत्त्वाच्या गोळ्यांच्या बाटल्या फळीवर मांडलेल्या दिसतात. मनावरील ताण हलका होतो, झोप शांत लागते, असा त्यांचा बोलबाला असतो. हा माल खपताना पाहून मुरबाड, शहापूर व कल्याण तालुक्यांतील आमच्या काही शेतकरी बंधूंच्या मनात असा विचार येऊ लागला आहे की, भात निघाल्यावर रिकाम्या पडणाऱ्या जमिनीत तुळस लावून चार पैसे का मिळवू नयेत? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी दोन गोष्टी तपासल्या पाहिजेत : म्हणतात तो गुण या पाल्यात कितपत आहे, आणि तो विकून शेतकऱ्याच्या पदरी काय पडेल.

प्रथम गुणाचा विचार करू. खोकल्यापडशावर तुळशीचा काढा आमच्या घरोघरी पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. मनाच्या ताणावर तिची शास्त्रीय रीतीने परीक्षा होऊ लागली ती मात्र अलीकडे. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चिंतेचा विकार असलेल्या 35 रुग्णांस 60 दिवस तुळशीचा अर्क दिला व त्यांस बरे वाटले. पण तुलनेसाठी दुसरा गट ठेवलेला नव्हता. 2012 सालच्या प्रयोगात 158 जणांपैकी काहींस सहा आठवडे अर्क व काहींस नुसती दिखाऊ गोळी दिली. दोन्ही गटांस थोडेबहुत बरे वाटले, अर्क घेणाऱ्यांस अधिक वाटले. 2022 साली 100 जणांवर आठ आठवडे झालेल्या प्रयोगातही ताण व झोप यांबाबत असाच अनुकूल निष्कर्ष निघाला. तेव्हा ही सर्व थाप आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. तथापि हे प्रयोग लहान आहेत, मुदतीने अल्प आहेत, आणि ठरावीक ताकदीच्या अर्कावर झालेले आहेत. अंगणातली पाने चघळल्याने किंवा कोणीतरी दळलेली भुकटी घेतल्याने तोच परिणाम होईल, असे त्यांवरून सिद्ध होत नाही. रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी व गरोदर स्त्रियांनी तर वैद्याच्या वा डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून हा अर्क नित्य घेऊ नये.

शिवाय गिऱ्हाइकाचा ताण उत्पन्न होतो कोठे, हेही पाहावे. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील चाकरमाना पहाटे उठून गाडी गाठतो आणि रात्री त्याच गर्दीतून परततो. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ गर्दीने भरलेल्या गाड्यांच्या दारांतून पडून प्रवाशांचे प्राण गेले. ही गर्दी कोणत्याही पाल्याने ओसरणारी नाही. ज्याचे मन खरोखर खचले आहे, त्यास उपचार हवा. ठाण्यात 1901 पासूनचे सरकारी मनोरुग्णालय आहे. 1990 साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था आहे. आणि 2022 पासून 14416 या क्रमांकावर सरकारची विनामूल्य टेलि-मानस सेवा आहे. आमच्या मालाच्या भरवशावर एखादा रुग्ण तेथे जावयाचा थांबला, तर त्या पापाचा वाटा पीक काढणाराच्याही माथी येईल, असे आम्हांस वाटते.

आता शेताकडे वळू. आमच्या जिल्ह्यात पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि साचलेले पाणी तुळशीस सोसत नाही. म्हणून भातखाचरात पावसाळ्यात ती लावणे व्यर्थ होय. भातानंतर लावावी, तर पाणी हवे. भातसा व तानसा हे जलाशय शहापूर तालुक्यातच असून तेथील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण तेथे अक्षरशः खरी आहे. ज्यांची विहीर उन्हाळ्यापर्यंत टिकते, त्यांनीच हा विचार करावा. बी अतिशय बारीक असल्याने हेक्टरी सुमारे 300 ग्रॅम पुरते; गादीवाफ्यावर रोप करून साधारण सहा आठवड्यांनी लावणी करतात, आणि लावणीपासून सुमारे तीन महिन्यांनी पहिली कापणी मिळते. ओल्या पाल्यात बहुतांश पाणीच असल्याने सुकल्यावर वजन फार घटते. तेव्हा भावाची बोलणी सुक्या मालावरच करावी. माल सावलीत वाळवावा. उन्हात वाळवला तर रंग व वास दोन्ही उडतात, आणि वासाबरोबर किंमतही जाते.

जातीविषयीही दक्षता हवी. राम व कृष्ण या दोन्ही एकाच वनस्पतीच्या जाती होत. रानतुळस व सब्जा या तिच्या बहिणी असल्या तरी निराळ्या आहेत. भांगेत तुळस उगवावी हे भाग्य. तुळशीत भलताच पाला मिसळावा ही मात्र लबाडी होय. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने सिम-आयु यासारखे वाण दिले आहेत. बी अशा खात्रीच्या ठिकाणचेच घ्यावे. आणखी एक गोष्ट स्थळाची. वालधुनी नदीत कारखान्यांचे व शहरांचे सांडपाणी किती वर्षे मिसळत आले, हे कल्याणकरांस सांगणे नको. तिच्या पाण्यावर किंवा वाहत्या हमरस्त्याच्या कडेस वाढवलेला पाला वाळवून, दळून, औषध समजून खाणाऱ्याच्या हाती देणे आम्हांस मान्य नाही.

कोणी म्हणतील, शेतकऱ्याने पाला विकावा, बाटलीवर काय छापतात ते व्यापाऱ्याने पाहावे. हे आम्हांस पटत नाही. आज आमचे बंधू व बचत गटांच्या भगिनी स्वतःच भुकटी करून पुड्या विकू लागल्या आहेत. आरोग्यपूरक खाद्य म्हणून माल विकावयाचा, तर 2016 च्या नियमांनुसार तो औषधी उपयोगासाठी नाही असे वेष्टनावर लिहावे लागते. आणि मधुमेह, रक्तदाब बरा होतो अशी जाहिरात करण्यास 1954 च्या कायद्याने बंदी आहे. जे लिहिता येत नाही, ते बाजारात तोंडाने सांगणेही गैरच.

सबब आमचे मत असे : ज्यांच्याजवळ स्वच्छ पाणी व निचऱ्याची जमीन आहे, त्यांनी प्रथम दोन-तीन गुंठ्यांवरच प्रयोग करावा. लावणीपूर्वी गिऱ्हाईक व सुक्या मालाचा भाव लेखी ठरवून घ्यावा. पाच-दहा जणांनी मिळून एकच वाळवणघर करावे व मालाची तपासणी करवून घ्यावी. आणि विकताना ही तुळशीची स्वच्छ, अस्सल पाने आहेत, एवढेच सांगावे; ते खरे असेल तर पुरेसे आहे.

जाता जाता एक शब्द खुद्द आमच्या बंधूंसाठी. अवकाळी पाऊस आणि कर्जाचे हप्ते यांनी ज्याची झोप उडाली आहे, त्यासही वर सांगितलेला क्रमांक खुला आहे. तो फिरवण्यात कमीपणा नाही. दुसऱ्याच्या मनःशांतीसाठी पीक काढू पाहणाऱ्याने उधारीच्या पैशावर सारे रान तुळशीखाली घालून स्वतःची शांती गमावू नये. घरावर तुळशीपत्र ठेवण्याची वेळ तुळशीच्याच पायी यावी, हे आम्हांस बघवणार नाही.