इंजिनाचा श्वास कोंडू नका



नांगरटीला ट्रॅक्टर ओढत नाही म्हणून काहीजण डिझेल पंपाचे सील तोडून डिझेल वाढवून घेतात. ताकद थोडी वाढते. पण इंजिन अधिक तापते, धूर काळा येतो, म्हणजे डिझेल अर्धवट जळून वाया जाते. शिवाय रिंगा व लायनर लवकर झिजतात.

रिंगांच्या फटीतून थोडा वायू खाली ऑईल चेंबरमध्ये नेहमीच उतरतो. त्याला बाहेर पडण्यासाठी ब्रीदर असतो. तो धुळीने व चिकट्याने चोंदला की आत दाब साचतो आणि सील, पॅकिंगमधून ऑईल गळू लागते. अशा वेळी नुसते सील बदलत बसणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला! आधी ब्रीदर पाहावा. जाळीचा असल्यास डिझेलने धुऊन, वाळवून बसवावा.

ब्रीदर साफ असूनही भकाभका धूर येत असेल, तर बहुधा रिंगा झिजल्या असे समजावे. कॉम्प्रेशन तपासून घ्यावे आणि वाढवलेला पंप टेस्ट बेंचवर मूळ मापाला लावून घ्यावा. नळीला बूच मात्र मारू नये. त्याने धूर दिसेनासा होतो, झीज थांबत नाही.