भरतीआधीची धाव

कोकणात ‘भरती’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक भरती समुद्राची. दुसरी पोलीस दलाची किंवा सैन्याची. किनाऱ्यालगतच्या गावांतून पहाटे धावणारी मुले-मुली दिसतात, ती या दुसऱ्या भरतीसाठी. पोलीस शिपाई पदाच्या मैदानी चाचणीत पुरुष उमेदवाराला १६०० मीटर व महिला उमेदवाराला ८०० मीटर धावावे लागते. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निवीर भरतीतही १६०० मीटरची धाव आहे. गावात मैदान असतेच असे नाही, म्हणून ही मुले डांबरी रस्ता धरतात. अंधार, वळणे आणि रात्रभर गाडी हाकून पेंगुळलेले चालक! पहाटे सराव करणाऱ्या उमेदवारांना वाहनाने ठोकरल्याच्या बातम्या राज्यात वरचेवर वाचाव्या लागतात.

खेदाची बाब अशी की, या डांबरी रस्त्याच्या एका अंगाला ओहोटीची घट्ट वाळू आणि दुसऱ्या अंगाला जांभ्या दगडाच्या पाखाड्या व सड्यावरच्या पायवाटा असतात. धावण्यासाठी यांहून उत्तम वाटा पैसा ओतूनही तयार होणार नाहीत. त्या आयत्या उपलब्ध आहेत, मात्र वापराअभावी एकेक करून बुजत चालल्या आहेत.

उदाहरणादाखल दापोली तालुक्यातील मुरूड घ्यावे. (जंजिऱ्याचे मुरूड वेगळे, ते रायगड जिल्ह्यात.) दापोलीहून उतार संपला की नारळी-पोफळीच्या वाड्यांत दडलेले हे गाव लागते. गावात दुर्गादेवीचे मंदिर आहे आणि वाड्यांच्या पलीकडे समुद्र. दक्षिणेस कर्दे, त्यापुढे लाडघर, म्हणजे तामसतीर्थाचा किनारा आणि मग बुरोंडी. उत्तरेस हर्णै बंदर व सुवर्णदुर्ग. कोठे वाळू, कोठे खडक, कोठे डोंगराच्या कडेने चढणारी वाट. नवख्या धावपटूने मुरूड आणि कर्द्याच्या सपाट वाळूवर समाधान मानावे. ज्याच्या पायांत बळ आहे त्याने कर्द्याहून लाडघरकडे चढ घ्यावा. चढावरून खाली समुद्र दिसू लागतो तेव्हा दम लागल्याचे भान थोडे कमी होते, हा त्या वाटेचा खरा गुण.

किनाऱ्यावर धावण्याची वेळ मात्र घड्याळाने नव्हे, तिथीने ठरते. कोकणातील जुन्या जाणत्यांचे गणित असे: तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या सुमारास समुद्र पूर्ण भरलेला असतो. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणून अष्टमीला सकाळी व सायंकाळी सहाच्या आसपास भरती पूर्ण. पौर्णिमा आणि अमावास्या धरली पंधरावी तिथी, तर पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी संपते, म्हणजे पहाटे पाच-साडेपाचच्या सुमारास समुद्र पूर्ण मागे गेलेला. शिवाय ते दिवस उधाणाचे, त्यामुळे पाणी दूरवर हटते आणि ओल्या, कठीण वाळूचा विस्तीर्ण पट्टा मोकळा होतो. पौर्णिमेपासून किंवा अमावास्येपासून तृतीयेपर्यंतच्या सकाळी किनाऱ्याच्या. अष्टमी ते दशमीच्या सकाळी मात्र लाटा वाळूच्या वरच्या भागापर्यंत येतात. ते दिवस सड्याचे. महिन्याचा कार्यक्रम पंचांगच आखून देते, त्यासाठी वेगळ्या प्रशिक्षकाची गरज नाही. सायंकाळी शाखा बंद करून धावू इच्छिणाऱ्यांनाही हेच गणित लागू पडते.

वाळूविषयी एक गोष्ट लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. कोरड्या, भुसभुशीत वाळूत धावण्यास कठीण जमिनीच्या तुलनेत दीडपटीहून अधिक ऊर्जा खर्च होते. हौसेने पहिल्याच दिवशी तेथे धावणाऱ्याची पोटरी दुसऱ्या दिवशी बोलू लागते. ओली वाळू कठीण खरी, पण ती समुद्राकडे कललेली असते. एकाच दिशेने धावत राहिल्यास एका गुडघ्यावर अधिक ताण येतो. जितके जावे तितकेच त्याच पट्ट्यावरून परतावे, म्हणजे हिशेब जुळतो.

सड्याची गोष्ट निराळी. जांभ्याच्या पाखाड्या, दोन्ही बाजूंचे गडगे, वर मोकळे कातळ. हिवाळ्यात गवत पिवळे पडल्यावर या वाटा धावण्यास सर्वांत सुखाच्या. पावसाळ्यात शेवाळामुळे सर्वांत धोक्याच्या. जून ते सप्टेंबर समुद्रही खवळलेला असतो आणि सडाही निसरडा, तेव्हा त्या महिन्यांत शाळेच्या पटांगणातच सराव बरा.

या वाटा काही करमणुकीसाठी निर्माण झालेल्या नव्हेत. शेते, पाणवठे, देवळे आणि बाजार यांना त्या जोडत आल्या आहेत. मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. किशोरवयात परीक्षेसाठी ते सोबत्यांसह मुरूडहून साताऱ्याला पायी गेले, शंभराहून अधिक मैल. आणि तेथे पोहोचल्यावर वय कमी दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. १८५८ साली जन्मलेल्या आणि १९५८ साली भारतरत्न झालेल्या या शतायुषी पुरुषाच्या पायांची तयारी कोणत्या वाटांवर झाली असेल, हे मुरूडची पाखाडी चढताना उमगते. परीक्षेसाठी घरापासून दूर जाणारी आजची मुलेही त्याच मातीतली आहेत, फरक इतकाच की पाय तयार करण्याची त्यांची वाट आता कुंपणाआड गेली आहे.

कुंपणाचा प्रश्न येथे टाळता येत नाही. किनाऱ्यालगतच्या जमिनींचे तुकडे पाडून विक्री होते, घेणारा बहुधा दूरच्या शहरातला. तो ताबा मिळताच तारेचे कुंपण घालतो आणि पिढ्यान्‌पिढ्यांची पायवाट एका रात्रीत बंद होते. रेवस ते रेड्डी सागरी मार्गाचे रुंदीकरण व खाड्यांवरील पुलांची कामे हाती घेण्यात आली आहेत. रस्ता येतो तसे जमिनीचे भाव चढतात आणि कुंपणेही. विकासास विरोध करण्याचे कारण नाही. परंतु मोटारीसाठी वाट रुंद होत असताना पायांसाठीची वाट नाहीशी व्हावी, हा व्यवहार एकतर्फी आहे. काही पर्यटक तर वाळूवरच गाड्या घालतात. ज्या अंजर्ले आणि वेळासच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, त्याच तालुक्यांच्या परिसरात हे घडावे, यास काय म्हणावे?

कायदा दुबळा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० अन्वये सार्वजनिक रस्ते, गल्ल्या व वाटा शासनाच्या मालकीच्या आहेत. शेतावर जाणारी वहिवाट कोणी अडवली, तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आत दाद मागता येते. उणीव असते ती दाद मागणाऱ्याची आणि वाट अस्तित्वात होती हे दाखवणाऱ्या रोजच्या पावलांची. रोज वीस-पंचवीस जण जिच्यावरून धावतात ती वाट सहसा कोणी तारेने बांधत नाही. त्यात मुलींचा सहभाग असावा, यासाठी गावाने विशेष लक्ष घालावे. एकटीने पहाटे सड्यावर जाणे अजूनही अनेक घरांना मान्य नाही, गटाने गेल्यास ती अडचण पुष्कळ कमी होते.

बँकेच्या बाजूचाही एक मुद्दा आहे. जमीन तारण घेताना तिच्यापर्यंत पोहोचणारा रस्ता आहे की नाही, हे कटाक्षाने तपासले जाते. रस्ता नसेल तर तारणाचे मूल्य घसरते. मात्र त्याच जमिनीतून इतरांची वाट जाते काय, या प्रश्नाला तितके महत्त्व मिळत नाही. गाव नकाशावरील तुटक रेषा मूल्यांकन अहवालात उमटली आणि कर्जदाराला ती प्रारंभीच दाखवली, तर पुढचा वादही टळेल आणि वाटही राहील. वकील, मूल्यांकनकार आणि शाखाधिकारी यांना यासाठी फार तर अर्ध्या तासाचे अधिक काम पडेल.

कोकणातील शाखेत बदली झाली की अनेक अधिकारी प्रथम गैरसोयींची यादी करतात. दिवसभर संगणकासमोर बसून राहणाऱ्या माणसाच्या दाराशी इतकी मोठी मोफत व्यायामशाळा असताना ही यादी अपुरीच म्हणावी लागेल. येत्या पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला पहाटे सहाच्या सुमारास किनाऱ्यावर गेल्यास भरतीची तयारी करणारी दोन-चार मुले भेटतील. गावातल्या कोणत्या पाखाड्या अजून खुल्या आहेत, हे त्यांना ठाऊक असते.