उतार आणि आरोग्य

मुलुंडच्या पुढचें स्टेशन ठाणें. कोणी जरा विचित्र वागला कीं, “ह्याला ठाण्याला पाठवा” असें म्हणून हंसण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ठाण्याचें मनोरुग्णालय १९०१ सालचें. परंतु ज्या घरांत छिन्नमनस्कतेचा, म्हणजे स्किझोफ्रेनियाचा, रोगी आहे, त्या घरास ही थट्टा कशी झोंबते, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यास बाविसाव्या वर्षीं ह्या रोगानें गांठलें. शेजारी आपल्याविरुद्ध कट करितात असें त्यास वाटे. जवळ कोणी नसतां आवाज ऐकूं येत. डॉक्टरांच्या औषधानें वर्षभरांत आवाज थांबले, झोंप लागूं लागली. तेव्हां आम्हीं मोठ्या शहाणपणानें त्याच्या वडिलांस म्हटलें, “मुलगा बरा झाला, आतां गोळ्या कशाला?” गोळ्या बंद झाल्या आणि चार महिन्यांत आवाज परत आले. हा दोष सर्वस्वीं आमचा, आणि म्हणूनच आजचा हा विषय.

उतार पडणें व बरें होणें ह्या दोन गोष्टी आम्हीं एकच मानल्या, ही आमची चूक. २००५ सालीं तज्ज्ञांच्या एका मंडळानें उताराची व्याख्या ठरविली: भास, भ्रम, असंबद्ध बोलणें, भावनांचा कोरडेपणा इत्यादि मुख्य लक्षणें सौम्य किंवा त्याहूनहि कमी होऊन सहा महिने तशींच राहिलीं, म्हणजे उतार पडला. हा उतार बहुधा औषधाच्या आधारावर उभा असतो. आधार काढावयाचा किंवा कमी करावयाचा तो डॉक्टरांनीं. शेजाऱ्यानें नव्हे, मास्तरानें तर नव्हेच!

आरोग्य ह्याच्या पुढचें आहे. चरकाचा ‘उन्माद’ हा शब्द ह्या रोगाहून अधिक व्यापक खरा. तथापि उन्माद गेल्याचीं लक्षणें सांगतांना त्यानें इंद्रियें, बुद्धि व मन ह्यांची प्रसन्नता मोजली आहे. नुसती बडबड थांबली म्हणजे झालें, असें तो म्हणत नाहीं.

आशेस जागा किती? पहिल्या झटक्यानंतर रुग्णालयांत दाखल झालेल्या २०० रोग्यांचा मुंबईंतच दहा वर्षें माग घेण्यांत आला. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या ह्या पाहणींत अखेरीस तपासलेल्या १०१ जणांपैकीं ६१ जण लक्षणांच्या दृष्टीनें सुधारलेले आढळले. परंतु सुधारलेल्यांमध्येंहि आत्मघाताचा धोका उरलेला दिसला. शांत बसलेला मुलगा सुखी असेलच असें नाहीं. त्याच्याशीं बोलावें लागतें.

येथें आपल्या घरांचें काम सुरू होतें. रोग लपवून, “लग्न झालें कीं ताळ्यावर येईल” असें म्हणत परक्याची मुलगी घरांत आणणें, हा दोघांवरहि अन्याय आहे. त्यापेक्षां बाजारहाट, हिशेब, जमेल तेवढी नोकरी त्याच्याकडे सोंपवावी. त्याच्यासमोर त्याच्याविषयीं कुजबुजूं नये. सल्ला हवा असल्यास सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर आहे. आणि ज्या ठाण्याचें नांव आपण थट्टेंत घेतों, त्याच ठाण्यांत डॉ. आनंद नाडकर्णी ह्यांनीं १९९० सालीं मानसिक आरोग्यासाठीं संस्था उभी केली. तेथें जाण्यांत लाज कसली?

आमचा विद्यार्थी पुन्हां औषध घेऊं लागला, सावरला आणि आतां घाटकोपरच्या एका दुकानांत हिशेब लिहितो. परवा तो घरीं आला. दार उघडतांच आम्हीं विचारलें, “गोळी घेतलीस ना?”

तो हंसून म्हणाला, “घेतली, सर. पण दुकानांत माझें कसें चाललें आहे, तें तुम्हीं अजून एकदांहि विचारलें नाहीं.”

आम्हीं त्यास बसविलें आणि विचारलें.