घाटाला घड्याळ चालतं, मग गाडीला का नाही?

‘कार रेसिंग म्हणजे पैसेवाल्यांचे चाळे. आपण ते टीव्हीवर बघावं.’ मला ही हौस लागली तेव्हापासून हे ऐकतो आहे. सांगणारे कोणी परके नाहीत. सख्खे काका आहेत, ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारे आहेत. त्यांच्या डोळ्यांसमोर फॉर्म्युला वन असतं आणि तिथले आकडे खरोखरच डोळे पांढरे करणारे आहेत. २०२१ साली संघांच्या वार्षिक खर्चाला मर्यादा घातली, तर ती मर्यादाच साडेचौदा कोटी डॉलरची होती. पण खासबागेतली मोठ्या इनामाची कुस्ती बघून कोणी असं म्हणत नाही, की गरिबाच्या पोरानं लंगोट बांधू नये. गल्लीतल्या तालमीत माती अंगाला लावणारं पोरही त्याच खेळात असतं. रेसिंगलाही अशी तालीम आहे. आमच्या काकांनी ती बघितलेली नाही, एवढंच.

तिचं नाव ऑटोक्रॉस. मोकळं सपाट मैदान घ्यायचं, शंकू मांडून वळणावळणांचा मार्ग आखायचा, एका वेळी एकच गाडी सोडायची आणि वेळ मोजायची. शंकू पाडला की ठरलेले सेकंद वेळेत वाढतात. बहुतेक मार्ग दुसऱ्या गिअरमध्येच संपतो. पुणे जिल्ह्यातल्या माणसाला हे समजवायला मला अर्धं मिनिट पुरतं, कारण खेड, जुन्नर, आंबेगावच्या घाटांत बैलगाडा असाच पळतो. एकेक बारी सुटते, शेजारी दुसरा गाडा नसतो, घड्याळ सांगेल तो नंबर. नावाजलेल्या बैलांच्या किमती लाखांत जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी बैलगाडा शर्यत हा श्रीमंतांचा खेळ आहे असं घाटावर उभं राहून कोणी म्हणणार नाही. मग गाडीला चार चाकं आणि इंजिन आलं की हिशेब का बदलतो?

हौसेला मोल नसतं म्हणतात. या हौसेला मोल आहे आणि ते नेमकं सांगता येतं. मी ५५ हजारांची जुनी झेन घेतली. तिच्यावर पहिल्या वर्षी जो पैसा घातला तो जवळजवळ सगळा चुकीच्या जागी गेला. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला, त्याला नऊ हजार मोजले. अलॉय व्हील घेतली. मग एका रविवारी मी आणि माझा मित्र दोघांनी तीच गाडी आलटून पालटून चालवायची ठरवली. प्रवेश फी वेगळी, पण गाडी एक. अनेक स्पर्धांत हे चालतं आणि खर्च निम्मा होतो. मात्र गाडीला उसंत मिळत नव्हती. आठव्या फेरीत शेवटच्या वळणाआधी ब्रेकचं पेडल पायाखाली मऊ पडलं आणि दाबलं तसं थेट खाली गेलं. शंकू उडवत गाडी पुढच्या गवतात जाऊन थांबली. पुढे दोनशे फूट मोकळं होतं म्हणून निभावलं.

आमचे भोसरीचे मेस्त्री बरोबर होते. त्यांनी बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण काढलं आणि बोट बुडवून मला दाखवलं. ऑइल कोऱ्या चहासारखं काळपट झालं होतं. ‘हे कधी बदललं होतं?’ मला सांगता आलं नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. पाणी मुरल्यावर तोच दंडक १५५ अंशांवर येतो. ते उकळलं की नळीत वाफ होते, पायाचा जोर ती वाफ दाबण्यातच जातो आणि चाकापर्यंत काही पोचत नाही. नव्या ऑइलचा डबा काहीशे रुपयांचा होता.

म्हणून आता कोणी नवा मुलगा गाडी घेऊन आला, की मी त्याला सायलेन्सरच्या दुकानात जाऊ देत नाही. आधी हेल्मेट. स्नेल या संस्थेच्या शिक्क्यात मोटरसायकलसाठी ‘एम’ आणि कार रेसिंगसाठी ‘एसए’ असे वेगळे दर्जे असतात. ‘एसए’मध्ये आगीची चाचणीही होते. स्पर्धेला कोणता चालतो हे आयोजकांना विचारून मगच घ्यावं. मग ब्रेक ऑइल, ब्रेक पॅड, चांगले टायर, आणि उरलेला सगळा पैसा प्रवेश फी आणि पेट्रोलवर. गाडी शिकवते ती चालवल्यावर, आणि जितक्या फेऱ्या पदरात पडतील तितका खर्च कारणी लागला. अजून एक गोष्ट मी हात जोडून सांगतो: हप्त्याची गाडी आणू नका. आपल्या नेहमीच्या मोटर विम्यात संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. मैदानात ठोकली तर दुरुस्ती आपल्या खिशातून आणि हप्ता पुढेही चालू.

स्वतःची गाडी घेऊन सर्किटवर इतर गाड्यांशी झुंजणं स्वस्त नाही, हे मी लपवत नाही. गाडीच्या आतला संरक्षक पिंजरा, सहा पट्ट्यांचा हार्नेस, आगीपासून वाचवणारा सूट, आग विझवण्याची यंत्रणा, यांत काटकसर करायची नसते. अमेरिकेत २००६ पासून ‘ट्वेंटी-फोर अवर्स ऑफ लेमन्स’ नावाची भंगार गाड्यांची शर्यत चालते. गाडीची किंमत ५०० डॉलरच्या आत हवी हा तिचा नियम. पण सुरक्षेच्या साहित्याचा खर्च त्या ५०० मध्ये धरत नाहीत. स्वस्ताईची इतकी कडक अट घालणाऱ्यांनीही पिंजऱ्याचा पैसा वेगळा ठेवला.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो आईवडिलांचा असतो: ‘याने पोरं रस्त्यावर उडाणटप्पू होतात.’ रात्री बायपासवर जे चालतं ते मीही बघतो आणि माझाही जीव कासावीस होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक जागी परवानगीशिवाय शर्यत लावणं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. हे योग्यच आहे. पण शिक्षा सांगून झाल्यावर त्या मुलाला जायला जागा कोणती, हे कोणी सांगत नाही. मैदानावर पहिल्या दिवशी त्याला कळतं की ओल्या मातीत टायर किती लवकर सुटतो. ६० ऐवजी ८० च्या वेगाने ब्रेक मारला तर थांबायचं अंतर पावणेदोन पटींहून जास्त लागतं, हे तो शंकू पाडून शिकतो. बायपासवर त्या शंकूच्या जागी दुचाकीवरचं कुटुंब असतं.

तिसरं म्हणणं, ‘आपल्याकडे ट्रॅक कुठे आहेत?’ मोठी सर्किटं चेन्नईजवळ, कोइम्बतूरला आणि दिल्लीशेजारी आहेत, हे खरं. पण भारतातली रेसिंग सर्किटांपासून सुरू झालीच नव्हती. चेन्नईजवळच्या शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर शर्यती होत. इंग्लंडचं सिल्व्हरस्टोनही बॉम्बफेकी विमानांचाच तळ होता. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं ७९६ सीसीचं, गल्लीतल्या मेस्त्रीलाही दुरुस्त करता येणारं इंजिन घेऊन एका माणसाची रेसिंग कार बनवली, तिचं नाव फॉर्म्युला मारुती. नारायण कार्तिकेयन यांची पहिली शर्यत त्याच गाडीतली, आणि २००५ मध्ये ते फॉर्म्युला वनमध्ये उतरलेले पहिले भारतीय ठरले. करिवर्धन यांनी खेळाडू श्रीमंत होण्याची वाट बघितली नाही, गाडी स्वस्त केली.

आपल्याकडे इंजिनं आहेत, मेस्त्री आहेत. पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण, नाशिक हा सगळा पट्टा गाड्यांवर जगतो. कमी आहे ती जागेची. प्रदर्शनाची मैदानं आणि एमआयडीसीतले ट्रकचे तळ सुटीच्या दिवशी रिकामे पडलेले असतात. परवानगी मागायला गेलं की ‘रेस’ हा शब्द ऐकूनच फाईल बाजूला सरकते, हे मी तीनदा अनुभवलं आहे. चौथ्या अर्जात मी सगळं लिहून दिलं आहे: एक रविवार, सकाळी सात ते दुपारी एक. एका वेळी एकच गाडी. ८० शंकू, कडेने टायरची रांग, प्रेक्षकांसाठी दोरी, एक रुग्णवाहिका, आग विझवणारी चार नळकांडी, मोटरस्पोर्टच्या फेडरेशनशी संलग्न क्लबची देखरेख. मैदान झाडून परत देऊ. अर्जाला मी गेल्या घाटातल्या बारीचा फोटोही जोडला आहे.