चिलमीची पारख

सरकारी नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेले एक वाचक लिहितात की, उरलेल्या आयुष्यात हाती पाइप धरावा अशी मनीषा आहे, तेव्हा तो कोणता घ्यावा आणि कसा जतन करावा, याचे मार्गदर्शन या सदरातून व्हावे. पत्राचा मायना आणि त्यातील ‘विनंती विशेष’ पाहता गृहस्थांची हयात दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारण्यात गेली असावी, हे उघड आहे. म्हणूनच त्यांच्या अर्जाचा निकाल तहकूब न ठेवता आरंभीच सांगून टाकतो की, कोल्हापूरच्या माणसाने या कामी विलायतेकडे डोळे लावून बसण्याचे काही कारण नाही.

अकबर बादशहापुढे तंबाखू आणि तो ओढण्याचे साधन मांडले गेले ते १६०४ च्या सुमारास, आणि ते गेले विजापूरहून; त्या वेळी आपला पन्हाळाही त्याच आदिलशाहीच्या अमलाखाली होता आणि १६५९ मध्ये शिवाजी महाराजांनी घेईपर्यंत तो तसाच राहिला. बादशहाचा वकील म्हणून दक्षिणेत आलेल्या असद बेगाने परतताना जो सरंजाम बरोबर नेला, त्याचे वर्णन त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे: तीन हात लांबीची, वाळवून रंगवलेली सुरेख नळी, तिची दोन्ही टोके रत्नांनी आणि मीनाकामाने सजवलेली, ओठांशी धरायला येमेनी अकीकाची लंबगोल तोंडी, आणि जाळासाठी सोन्याचे पात्र. बादशहाने दोन-तीन झुरके घेतले न घेतले तोच हकीम आडवा आला आणि, ज्या वस्तूविषयी आपल्या वैद्यकग्रंथांत अवाक्षर नाही तिचे सेवन हुजुरांनी करू नये, असा त्याने आग्रह धरला. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूबंदीचे फर्मानच काढले. त्याचा अंमल कितपत झाला, ते गावोगावचे पार सांगतील. हकिमाचे म्हणणे मात्र बरोबर होते, एवढे आज मुकाट्याने कबूल केले पाहिजे.

अकीक आणि सोने दरबारात राहिले. रयतेच्या हाती आली ती मातीची चिलीम. वीतभराहून आखूड, वर रुंद आणि खाली निमुळती अशी ती पोकळ नळी, तंबाखू घशात उतरू नये म्हणून आत एक खडा, खालच्या टोकाला ओल्या फडक्याची छापी आणि वर निखारा, एवढाच काय तो तिचा संसार. कागल-मुरगूडकडच्या एखाद्या मळ्यात ‘वाईच इस्तू आण रं’ अशी हाक ऐकू आली की समजावे, बैठक जमली. चारचौघांत फिरणारी ही चिलीम जाणकार माणूस ओठाला लावीतच नाही. दोन्ही हातांची मूठ जुळवून, अंगठ्याजवळच्या फटीतून तो धूर ओढून घेतो, आणि त्या मुठीत येईतो धुराचा दाहही थोडा निवतो.

चिलीम पारखताना प्रथम ती बोटांच्या अग्रांवर अलगद तोलून नखाने टिचकी मारावी. चांगली भाजली असेल तर ती खणखणीत वाजते. तडा गेला असेल तर आवाज बद्द येतो, मग दुकानदार काहीही शपथा घेवो. नंतर ती उजेडाकडे धरून आरपार पाहावे. भोक मधोमध असावे आणि भिंत सर्व अंगांनी सारख्या जाडीची असावी, कारण जी बाजू पातळ राहिली असेल तीच आधी तापते आणि नेमकी हाताखाली येते. शेवटी खडा आत टाकून कोरडीच ओढून पाहावी. खडा घट्ट बसला तर धूर कोंडतो आणि सैल बसला तर राख तोंडात येते. तेव्हा तो चिलमीबरोबर मिळालेलाच वापरला पाहिजे असे नाही, दोन-चार खडे घालून पाहावेत. नदीतून उचललेला ओला गोटा मात्र तापल्यावर तडकतो, त्याच्या वाटेला जाऊ नये.

निगा याहून सोपी. फडक्याची लांब पट्टी पिळून तिचे एक टोक खिडकीच्या गजाला बांधावे, दुसरे हाती ताणून धरावे आणि चिलीम त्या पट्टीवर मागेपुढे सरकवावी. चार हेलपाट्यांत पट्टी काळीकुट्ट होते आणि तो काळा चिकट ऐवज पाहिल्यावर पुष्कळांचा ओढण्याचा उत्साह आपोआप मावळतो. फारच कीट धरले तर चिलीम निखाऱ्यांत घालून पुन्हा भाजावी आणि आपोआप निवू द्यावी. पाण्यात बुडवली की ती कामातून गेली. छापी रोज धुवावी. एवढे करूनही फुटली, तर जितक्यात ती येते तितक्यात दुसरी आणावी.

आता लाकडी पाइप. आमच्या गल्लीत एक निवृत्त लष्करी अधिकारी राहत. त्यांच्या संग्रहातला एक पाइप माझ्या मेजावर आहे. धूर सोडून मला पुष्कळ काळ लोटला, परंतु वस्तू न्याहाळण्याचे व्यसन काही सुटत नाही. भूमध्य समुद्राच्या काठी उगवणाऱ्या ब्रायर नामक झुडपाच्या मुळाशी जी गाठ धरते, ती तासन्‌तास उकळून आणि महिनोन्‌महिने वाळवून हे पाइप कोरतात. फ्रान्समधील सें-क्लोद हे गाव गेल्या शतकाच्याही मागच्या शतकापासून याच धंद्यावर नावारूपास आले. तो घेताना वाटीच्या तळाशी धुराचे भोक बरोबर उघडते की नाही, हे पाहावे. भोक वर राहिले तर तळचा तंबाखू ओला होऊन कुजतो. नवा पाइप पहिले काही दिवस अर्धाच भरावा, म्हणजे आत कोळशाचा पातळ थर धरतो. हाच थर लाकडाला जळण्यापासून राखतो, परंतु तो दीड-दोन मिलिमीटरहून जाड होऊ दिल्यास वाटी आतून ताणून चिरते. पाइप गरम असताना दांडी उपटू नये, लोखंडावर आपटून राख झाडू नये, आणि एकदा ओढल्यावर त्याला निदान एक दिवस वाळण्यास द्यावा. याचा अर्थ, शौक करायचाच तर एका पाइपावर भागत नाही. आषाढ-श्रावणात आपल्याकडे चपलांनाही बुरशी येते, तिथे या लाकडाची काय कथा!

तंबाखूविषयी थोडक्यात. वीस कोसांच्या आत निपाणीसारखी बाजारपेठ असल्यामुळे तोच पाइपात भरावा असे वाटणे साहजिक आहे; परंतु निपाणीचा माल विडीसाठी पिकवलेला, कडक, आणि लाकडी पाइपात तो जीभ सोलून काढतो. चिलमीला तो मानवतो. त्या पिकाच्या रास्त भावासाठी १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला आणि गोळीबारात माणसे मेली, हेही चंची उघडताना स्मरणात असू द्यावे.

आमच्या पत्रलेखकांना हे वाचून हुरूप आला असेल, तर त्यांनी आणखी दोन बाबी दप्तरी नोंदवाव्यात: २००३ च्या कायद्यान्वये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई आहे, आणि पाइपचा धूर छातीत न घेता तोंडातच खेळवला तरी मुखाच्या कर्करोगातून सुटका होत नाही. साठीनंतर नव्याने हे व्यसन जडवून घेण्यास माझी शिफारस नाही. हाती काही धरायचेच असेल तर मातीची चिलीम आणून, टिचकी मारून, कोरडीच मेजावर ठेवावी. पैसा वाचेल आणि फुप्फुसेही. बापट कॅम्प आणि शाहूपुरीतल्या कुंभारवाड्यांत आता बाराही महिने गणपतीचे काम चालते, चाकावर चिलीम क्वचित चढते. आपल्या पंचक्रोशीत अद्याप ती घडवणारा कोणी कुंभार असेल, तर वाचकांनी या पत्त्यावर अवश्य कळवावे.