देश तसा वेष

‘देश तसा वेष’ ही म्हण मनुष्यांस लागू आहे, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु ती चित्रफितींसही लागू आहे, याचा अनुभव ज्यांचे आप्त परदेशीं असतात त्यांस केव्हांना केव्हां येतोच. आम्हांस तो १९९० नंतरच्या दशकांत आला. अमेरिकेंतील आमच्या भाचीच्या लग्नाची कॅसेट मोठ्या कौतुकानें घरीं आली. मातोश्री नवें लुगडें नेसून पुढें बसल्या. आणि पडद्यावर दिसली काय, तर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची पळापळ!

दोष कॅसेटचा नव्हता, यंत्राचाही नव्हता. अमेरिकेंत विजेचा प्रवाह सेकंदास ६० आंदोलनें करितो, आपल्याकडे ५०. दूरचित्रवाणीची घडण त्या त्या देशांतील विजेस अनुसरून झाली. म्हणून अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतींत ५२५ ओळी व सेकंदास सुमारें ३० चित्रें. तर १९८२ सालीं रंगीत प्रक्षेपणास आरंभ करितांना आपण स्वीकारलेल्या पाल पद्धतींत ६२५ ओळी व २५ चित्रें. फ्रान्सनें सेकाम ही तिसरीच वाट धरिली.

कित्येक म्हणतील, आतां सर्व डिजिटल झालें, भेद मिटला. हा समज खोटा आहे. डीव्ही कॅमेऱ्याचें चित्रणही पालमध्यें ५७६ ओळींचें आणि एनटीएससीमध्यें ४८० ओळींचें असतें. संगणक दोन्ही दाखवितो, म्हणून भेद दृष्टीआड होतो इतकेंच. तेंच चित्रण एखाद्या वृद्ध आप्ताकरितां कॅसेटवर उतरवूं गेलें कीं, तो पुन्हां डोकें वर काढितो. इकडून तिकडे नेतांना सहांपैकीं एक ओळ गळते व पांच चित्रांमागें एक भरीचें घालावें लागतें. तिकडून इकडे आणितांना ओळी भरीच्या होतात व सहांपैकीं एक चित्र गळतें. जातांना ओळी जातात, येतांना क्षण जातात.

आम्हीं ती कॅसेट एका दुकानांत पालमध्यें उतरवून घेतली आणि मूळ कॅसेट अडगळ म्हणून टाकून दिली. मातोश्रींनीं नातीचें लग्न डोळे भरून पाहिलें, हें खरें. परंतु त्या चित्रणांत वधू चालते तेव्हां तिचीं पावलें अडखळल्यासारखीं दिसतात. ती मुळीं अडखळली नव्हती. गळालेले क्षण आतां कोठून आणावे?

यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, रूपांतर ही सोय आहे, वारसा नव्हे. जो चित्रफीत पाठवितो त्यानें घेणाऱ्याच्या घरीं कोणती पद्धति चालते हें आधीं विचारावें. तो त्रास देणाऱ्याचा, घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा नव्हे. ‘म्हाताऱ्यांनींच नवें यंत्र शिकावें’ असें म्हणणें सोपें आहे. पण भेट देऊन वर अट घालणें शोभत नाहीं. मात्र रूपांतर केलें तरी मूळ चित्रण जसेंच्या तसें, आपल्याच ओळींत व आपल्याच गतींत, राखलें पाहिजे. कॅसेटचीं यंत्रें अखेरपर्यंत बनविणाऱ्या जपानी कारखान्यानेंही २०१६ सालीं तें काम थांबविलें. तेव्हां हें कार्य लांबणीवर टाकण्यासारखें नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, सुटींत घरचें कपाट उघडा. आजी-आजोबांच्या कॅसेटी कोणत्या पद्धतीच्या आहेत तें पाहा, आणि यंत्र चालू आहे तोंवर त्या उतरवून ठेवा. मूळ मात्र टाकूं नका. आमची चूक तुमच्या हातून न होवो.