मधुचंद्राला निघण्यापूर्वी

तुळशीचे लग्न लागले की आपल्याकडे लग्नसराई सुरू होते आणि पाठोपाठ दवाखान्यात एक ठरावीक प्रश्न येऊ लागतो : “डॉक्टर, आम्ही दोघे चार दिवस भंडारदऱ्याला निघालो आहोत. बरोबर कोणती औषधे ठेवू?” प्रश्न योग्यच आहे आणि त्याचे उत्तर या लेखात पुढे दिलेही आहे. परंतु औषधांच्या यादीआधी करावयाची एक तयारी आहे. तिला पैसे पडत नाहीत आणि तरीही ती बहुतेक नवदांपत्यांकडून राहून जाते.

प्रथम स्थळाचा विचार करू. अकोले तालुक्याचा पश्चिम भाग ही आपल्या जिल्ह्याला लाभलेली निसर्गाची देणगीच होय. प्रवरेवर १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे विल्सन धरण, जलाशयाच्या दुसऱ्या टोकाला रतनवाडी आणि तेथील अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर, वर रतनगड, पुढे साम्रदची सांदण दरी आणि घाटघरचा कडा. शिवाय १६४६ मीटर उंचीचे, राज्यातील सर्वोच्च कळसूबाई शिखर. नवपरिणितांना एकांत हवा असतो आणि तो येथे भरपूर मिळतो. मात्र एकांताचा अर्थ असाही होतो, की तेथे माणसे थोडी, मोबाइलचे नेटवर्क अनिश्चित आणि दवाखाना दूर. ग्रामीण रुग्णालय राजूरला व अकोल्याला आहे. अधिक उपचारांसाठी संगमनेर किंवा नाशिक गाठावे लागते. असे अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये, वेळेत मोजावे. साम्रदहून किंवा घाटघरहून वळणांचा रस्ता, त्यात रात्र आणि धुके असेल, तर थोडे अंतरही फार लांबते.

अशा जागी काही दुखले-खुपले तर पहिला उपचार करणारा माणूस कोण असतो? तो असतो आपला जोडीदार. आणि आपल्या बहुसंख्य विवाहांत या जोडीदाराची ओळख काही आठवड्यांचीच असते. तिला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, त्याला दम्याचा त्रास आहे काय, रोजची गोळी कसली आहे, यांपैकी काहीही दुसऱ्याला ठाऊक नसते. म्हणून निघण्यापूर्वीची एक संध्याकाळ राखून ठेवावी आणि दोघांनी आपापल्या प्रकृतीविषयी मोकळेपणाने बोलावे. हीच ती राहून जाणारी तयारी.

ही गोष्ट मी आग्रहाने का सांगतो, याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका नवविवाहितेला प्रवासात फिट आली. लहानपणापासून तिला अपस्मार होता. गोळ्या नियमित असल्याने कित्येक वर्षांत झटका आलेला नव्हता. लग्नानंतर मात्र “सासरी कोणाला दिसू देऊ नकोस” असे सांगून गोळ्या माहेरीच ठेवून घेतल्या गेल्या. औषध अचानक बंद, आठवडाभर अपुरी झोप आणि वर रात्रीचा प्रवास. झटका येण्यास याहून अधिक कारणे लागत नाहीत. घाबरलेल्या पतीने तिच्या दातांत चमचा घालण्याचा प्रयत्न केला, त्यात तिचा एक दात निखळला. सुदैवाने ती पूर्ण बरी झाली. आजार तिला होता हे खरे. पण इजा झाली ती लपवाछपवीमुळे. नवऱ्याला आधी माहीत असते तर त्याने तिला कुशीवर वळवले असते, तोंडात काहीही घातले नसते, कांदा किंवा चप्पल हुंगवली नसती आणि झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर थेट रुग्णालयाची वाट धरली असती. एवढेच तर करावयाचे असते.

या लपवाछपवीमागे भीती असते, हे मी जाणतो. अपस्मार म्हणजे लग्न मोडण्याचे कारण, ही समजूत अजून गेलेली नाही. वास्तविक हिंदू विवाह कायद्यातील विवाहाच्या अटींमध्ये असलेला अपस्माराचा उल्लेख १९९९ साली दुरुस्ती करून वगळण्यात आला. कायदा बदलला, आता घरांनी बदलावयाचे आहे. अर्थात असे आजार लग्न ठरण्यापूर्वीच सांगणे सर्वांत चांगले. ते राहून गेले असेल आणि बोलण्याचे धैर्य होत नसेल, तर आपल्या डॉक्टरांसमोर दोघांनी मिळून बसावे. आणि लपवण्यात केवळ मुलीच असतात असे मुळीच नाही. इन्सुलिनची सुई लपवणारे, दम्याचा पंप घरी विसरल्याचे निमित्त करणारे नवरदेवही मी पाहिले आहेत. गडाची चढण, थंड हवा आणि शेकोटीचा धूर यांत दमा उसळतो. तेव्हा पंप सामानात खोल पुरलेला नसावा, हाताशी असावा.

त्या संध्याकाळी बोलावयाचा दुसरा विषय मासिक पाळीचा. लग्न, सत्यनारायण, जागरण-गोंधळ, कुलदैवताचे दर्शन, अशा सगळ्या तारखा सांभाळण्यासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. या गोळ्या थांबवल्या की साधारण दोन-तीन दिवसांत रक्तस्राव सुरू होतो, म्हणजे नेमका सहलीच्या दिवसांत. मग मुली आणखी एक पाकीट आणून तोच क्रम पुढे चालवतात. डॉक्टरांना न विचारता असे करू नये. विशेषतः रक्ताची गुठळी होण्याचा किंवा यकृताचा आजार पूर्वी झाला असल्यास तर नाहीच. आणखी एक गैरसमज दूर करावयास हवा : पाळी लांबवणारी गोळी ही गर्भनिरोधक गोळी नव्हे. याहून सरळ उपाय म्हणजे सहलीची तारीखच आठवडाभर पुढे न्यावी. ज्या सासूबाई लग्नाचा मुहूर्त सुनेच्या पाळीनुसार पाहतात, त्यांनी सहलीचाही तसाच पाहिला तर बिघडले कुठे?

तिसरा विषय गर्भनिरोधनाचा. मूल लगेच हवे की नको, हे दोघांनी निघण्यापूर्वी ठरवावे. शेंडीच्या बाजारात किंवा रात्री हॉटेलात पोहोचल्यावर ठरवण्याची ही बाब नाही. रोजची गर्भनिरोधक गोळी पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केली तर तिचे संरक्षण लगेच मिळते. नंतर सुरू केल्यास सात दिवस निरोध वापरावा लागतो. अर्धशिशी, उच्च रक्तदाब किंवा फिटच्या गोळ्या चालू असल्यास आधी सल्ला घ्यावा, कारण फिटवरील काही औषधांनी गर्भनिरोधक गोळीचा परिणाम उणावतो, तर काही औषधे गर्भाला घातक ठरतात. तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. पण ती अपवाद म्हणून घ्यावयाची आहे, रोजचा उपाय म्हणून नव्हे.

नव्या विवाहितेला हमखास होणारा त्रास म्हणजे लघवीची जळजळ. संबंधांमुळे जंतू मूत्रमार्गात शिरतात, आणि प्रवासात स्वच्छतागृह मिळत नाही म्हणून स्त्रिया पाणीच पीत नाहीत. येथे पतीने थोडे लक्ष द्यावे. गाडी थांबवण्यासाठी नव्या नवरीला तोंड उघडून सांगावे लागू नये; संगमनेर, अकोले, राजूर असे थांबे आधीच ठरवावेत. भरपूर पाणी प्यावे, लघवी तुंबवू नये आणि संबंधानंतर लघवीला जाऊन यावे. जळजळीबरोबर थंडी वाजून ताप आला किंवा कमरेच्या वर पाठीत दुखू लागले, तर सहल अर्धवट सोडून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आता फिरण्याविषयी. लग्नाच्या धावपळीनंतर दोन-तीन रात्री घरी पुरेशी झोप घ्यावी आणि मगच निघावे. गाडी स्वतः चालवणार असाल तर दिवसाउजेडी पोहोचा. घाटात मळमळ होत असल्यास उलटीवरील गोळी निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी. तिने झोप येते, म्हणून चालकाने ती घेऊ नये. पहिल्याच दिवशी कळसूबाई चढू नये. जलाशयात पोहण्यासाठी उतरू नये, नावेत बसताना लाइफ जॅकेट घालावे. सांदण दरीत पावसाळ्यात मुळीच उतरू नये आणि एरवीही गावातील वाटाड्या बरोबर घ्यावा. मे अखेरीस काजवे पाहावयास जाल तर हाती विजेरी आणि पायात बूट असावेत. साप चावल्यास आवळून बांधू नये, कापू नये, चोखू नये. तो भाग न हलवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे.

पिशवीत पुढील वस्तू पुरेत : दोघांची रोजची औषधे सहलीपेक्षा चार दिवस अधिक, पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटे, उलटीवरील व ॲलर्जीवरील गोळी, जंतुनाशक मलम, पट्ट्या, सॅनिटरी पॅड, निरोध आणि विजेरी. एका कागदावर दोघांचे आजार, औषधे, ॲलर्जी व रक्तगट लिहून त्याची एकेक प्रत दोघांनीही जवळ ठेवावी.

शेवटी घरच्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. मुक्कामाचे ठिकाण आणि परतीची वेळ मुलांकडून लिहून घ्या आणि दिवसातून एकदा फोन करण्याची वेळ ठरवून द्या. त्या वेळी फोन आला नाही तर हॉटेलवर चौकशी करा. एरवी मात्र त्यांना फोन करू नका. चार दिवस त्यांचे त्यांना असू द्या.